द्रुत लयीतला संयम : जिम हॉल यांची गिटार कशी ऐकावी

१९६२ साली न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अंडरकरंट’ या जॅझ अल्बममध्ये दोनच वाद्ये आहेत : बिल इव्हान्स यांचा पियानो आणि जिम हॉल यांची गिटार. बास नाही आणि ड्रम्सही नाहीत. अल्बममधली पहिलीच रचना ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ ही आहे. रिचर्ड रॉजर्स यांनी १९३७ साली एका संगीतिकेसाठी तिची चाल बांधली आणि शब्द लोरेन्झ हार्ट यांनी लिहिले. बहुतेक गायक हे गाणे अतिशय संथ गातात, पण इव्हान्स आणि हॉल यांनी ते चांगल्याच द्रुत लयीत वाजवले. वेगवान गिटारवादन ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याला या मुद्रणातला हॉल यांचा सोलो, म्हणजे त्यांनी पुढे येऊन वाजवलेला भाग, पहिल्यांदा ऐकताना थोडा बुचकळ्यात टाकतो, कारण लय भरधाव असूनही गिटार मात्र कोठेही घाईत असल्यासारखी वाटत नाही. सूर थोडके आहेत, आवाज मऊ आहे आणि मध्येमध्ये चक्क रिकाम्या जागा सोडलेल्या आहेत. या वादनातली श्रीमंती कानाला कशी सापडेल, त्यासाठी कोणत्या क्रमाने आणि कशाकडे लक्ष देऊन ऐकावे, हे येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. वाचकाला गिटार वाजवता येण्याची किंवा पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येण्याची गरज नाही. ताल धरता आला आणि सरगम गुणगुणता आली तर ते पुरेसे आहे.

प्रथम वादकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हॉल यांचा जन्म १९३० साली अमेरिकेतल्या बफेलो येथे झाला आणि ते क्लीव्हलँडमध्ये वाढले. वयाच्या तेराव्या वर्षी बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदातला चार्ली ख्रिश्चन यांचा गिटार सोलो त्यांनी ऐकला आणि त्यांची दिशा ठरली. पुढे त्यांनी क्लीव्हलँड इन्स्टिट्यूट ऑफ म्युझिकमध्ये संगीताचे रीतसर शिक्षण घेतले. त्यात रचनाशास्त्राचा, म्हणजे एखाद्या छोट्या कल्पनेपासून मोठी रचना कशी वाढवायची याचा, अभ्यास होता आणि त्यांच्या सोलोंचे मर्म तेथेच आहे असे माझे मत आहे. सॅक्सोफोनवादकांसारखे सलग, श्वासाच्या अंगाने जाणारे वादन गिटारवर व्हावे, ही त्यांची आयुष्यभराची ओढ होती. २०१३ साली त्यांचे निधन झाले.

आधी चाल आणि तिचा आराखडा पाठ करावा

जॅझमध्ये वादक मूळ गाण्याच्या कॉर्डांचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांचा, आराखडा कायम ठेवतो आणि त्या आराखड्याच्या प्रत्येक आवर्तनात नवी चाल रचत जातो. त्यामुळे आराखडा डोक्यात नसताना सोलो ऐकणे म्हणजे ठेका न कळता लयकारी ऐकण्यासारखेच आहे. काहीतरी चालले आहे एवढेच कळते, ते कशाच्या संदर्भात चालले आहे हे कळत नाही. म्हणून द्रुत मुद्रणाला हात घालण्यापूर्वी हेच गाणे संथ लयीत ऐकावे. चेट बेकर यांनी १९५४ साली गायलेले मुद्रण त्यासाठी उत्तम आहे, कारण त्यात चाल साधी ठेवलेली आहे आणि फारशी सजावट नाही.

गाणे एकंदर ३६ बारांचे आहे आणि प्रत्येक बार, म्हणजे मात्रांचा एक गट, चार मात्रांचा आहे. पहिला भाग आठ बारांचा. दुसरा भाग पहिल्यासारखाच सुरू होणारा, तोही आठ बारांचा. तिसरा भाग वेगळ्या चालीचा, आठ बारांचा. आणि शेवटी पहिली चाल परत येते, पण या वेळी ती लांबून बारा बारांची होते. आपल्याकडच्या श्रोत्याला हे तीनतालाच्या मापाने मोजणे सोपे जाईल. चार बार म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन. त्या हिशेबाने गाण्याच्या चार भागांना अनुक्रमे दोन, दोन, दोन आणि तीन आवर्तने लागतात आणि संपूर्ण फेरी नऊ आवर्तनांत, म्हणजे १४४ मात्रांत, पुरी होते. हे फक्त मोजण्याचे साधन आहे याचे मात्र भान ठेवावे. तीनतालात समेचे आणि खालीचे जे वजन असते ते जॅझच्या बारांमध्ये नसते. उलट प्रत्येक बारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला उठाव देण्याकडे या संगीताचा कल असतो.

चालीचा पहिला तुकडा गुणगुणून पाहावा. मूळ स्वराला षड्ज मानले तर तो ‘सा रे ग रे ग रे’ असा आहे आणि यातला गंधार कोमल आहे. हा तुकडा अवघ्या तीन स्वरांत फिरतो, त्याला झेप नाही की लांब धाव नाही. त्याच्याखाली सुरुवातीच्या चार बारांत सा, शुद्ध नी, कोमल नी आणि ध अशी एकेक पायरी उतरत जाणारी स्वरांची ओळ कॉर्डांच्या आत दडलेली असते. वरची चाल जवळजवळ जागच्या जागी घुटमळते आणि खालची ओळ हळूहळू उतरते, यातच या गाण्याची सगळी उदासी आहे. ही उतरती ओळ एकदा कानात बसली की द्रुत लयीतही ‘आता नवी फेरी सुरू झाली’ हे आपोआप ओळखू येते. शेवटचा बारा बारांचा भाग मात्र वेगळा लक्षात ठेवावा, कारण तेथे गाणे कोमल गंधारालाच घर मानून, उजळ सुरात, विसावते. त्या लांबलेल्या शेवटात मोजणी चुकण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मग लय हातात धरावी

आता ‘अंडरकरंट’मधले मुद्रण लावावे आणि पहिल्या खेपेला सोलोकडे मुळीच लक्ष देऊ नये. फक्त लय शोधावी. प्रत्येक मात्रेवर टाळी देण्याचा प्रयत्न केला तर हात लवकरच थकतात आणि त्या धावपळीत ऐकणे राहून जाते. म्हणून एक मात्रा सोडून, म्हणजे बारातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, पाऊल टेकवावे. ते जमले की प्रत्येक बाराला एकच, अशी आणखी संथ टाळी धरावी. द्रुत लय अशी निम्म्याने किंवा चौथाईने धरता आली की ऐकणाऱ्याचे मन शांत होते, आणि स्वतः हॉल जसे वाजवतात ते अशाच शांतपणे धरलेल्या लयीतून आलेले आहे, असे मला प्रत्येक वेळी जाणवते.

वेगाचा थोडा हिशेबही येथे मांडून ठेवणे उपयोगी आहे. समजा एखादी रचना मिनिटाला २४० मात्रांच्या लयीत आहे. मग १४४ मात्रांची पूर्ण फेरी ३६ सेकंदांत संपते. प्रत्येक मात्रेत दोन स्वर, हे बेबॉप या जॅझच्या द्रुत, स्वरांनी भरलेल्या शैलीतले नेहमीचे प्रमाण धरले, तर सेकंदाला आठ स्वर होतात आणि एक फेरी पूर्ण भरायला २८८ स्वर लागतात. एवढे स्वर वाजवणारे गिटारवादक अनेक आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येक थोर आहेत. हॉल यांचा निर्णय वेगळा आहे. लय कितीही द्रुत असली तरी तिची प्रत्येक मात्रा भरणे हे आपले कर्तव्य आहे असे ते मानत नाहीत. लय पियानोवादकाच्या, श्रोत्याच्या आणि स्वतःच्या मनात चालूच आहे हा विश्वास धरून ते तिच्यावर मोजकेच स्वर ठेवतात.

आपल्या कानांना यासाठी थोडी जाणीवपूर्वक तयारी करावी लागते. ख्याल ऐकत वाढलेल्या श्रोत्याला द्रुत लय म्हटली की तानेची अपेक्षा असते आणि लय वाढली की स्वरांची दाटीही वाढणार, असे त्याने गृहीत धरलेले असते. त्या मापाने हॉल यांचा सोलो अपुरा वाटण्याचा धोका आहे. त्यापेक्षा द्रुत ठेक्यावर सावकाश, बोल मोडून, मात्रांच्या आडून जाणारी गायकी आठवावी, म्हणजे कान योग्य जागी लागतो.

सोलोच्या आधी संगत ऐकावी

ही पायरी गाळून पुढे जाण्याचा मोह होईल, पण माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. इव्हान्स जेव्हा सोलो वाजवतात तेव्हा हॉल काय करतात, ते पूर्ण एकाग्रतेने ऐकावे. त्या सोलोच्या एका दीर्घ भागात हॉल प्रत्येक मात्रेवर एकेक हलका कॉर्ड वाजवत जातात, जुन्या स्विंग वाद्यवृंदांतले ऱ्हिदम गिटारवादक वाजवत तसा. गिटारचा विजेने वाढवलेला आवाज येथे इतका दबलेला आहे की तारांचा आणि लाकडाचा मूळ खळखळाट ऐकू येतो. बास आणि ड्रम्स नसताना दोघांचे काम एकटी गिटार करत आहे आणि तरीही ती पियानोच्या पुढे येत नाही.

येथे एका गोष्टीची खात्री पटते, ती म्हणजे द्रुत लयीत हॉल यांचा उजवा हात अत्यंत समर्थ आहे. इतक्या वेगात, न अडखळता, न वाढता आणि न घटता चारही मात्रा सारख्या ठेवणे ही कठीण गोष्ट आहे. सोलोत ते कमी वाजवतात त्यामागे असमर्थता नाही, निवड आहे, याचा पुरावा त्यांच्या संगतीत मिळतो. शिवाय त्यांच्या कॉर्डांमध्ये बहुधा दोन-तीनच स्वर असतात. गिटारच्या सहाही तारा छेडण्याचे ते टाळतात, त्यामुळे पियानोच्या स्वरांशी गर्दी होत नाही.

आता सोलो, प्रत्येक खेपेला एकच गोष्ट

सोलो अनेक वेळा ऐकावा, परंतु प्रत्येक खेपेला एकाच अंगाकडे लक्ष द्यावे. पहिल्या खेपेला केवळ विराम ऐकावेत. गिटार कोठे थांबते, किती मात्रा थांबते आणि त्या वेळी पियानो बोलतो की तोही गप्प राहतो, एवढेच पाहावे. हॉल यांचे विराम वाक्य संपल्यावर घेतलेल्या श्वासासारखे येतात, विचार सुचत नाही म्हणून पडलेल्या खंडासारखे वाटत नाहीत. ताल धरून ऐकले तर त्या शांततेतही लय तितकीच ताणलेली आहे असे लक्षात येईल.

दुसऱ्या खेपेला वाक्यांची सुरुवात आणि शेवट पाहावा. नवशिका वादक बाराच्या पहिल्या मात्रेवर वाक्य सुरू करतो आणि आठ बारांचा भाग संपला की थांबतो. हॉल यांचे वाक्य अनेकदा एका भागाच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या भागात शिरते, त्यामुळे गाण्याचे सांधे झाकले जातात. आराखडा पाठ असेल तरच हे कळते, म्हणून पहिल्या पायरीवर इतका भर दिला. कधी एखादा तीन मात्रांचा तुकडा चार मात्रांच्या बारांवर पुन्हा पुन्हा ठेवला जातो का, तेही पाहावे. असा तुकडा चार वेळा आला की बारा मात्रा, म्हणजे तीन बार, पुरे होतात आणि तो पुन्हा बाराच्या आरंभाशी जुळतो. दरम्यानच्या काळात लय जणू जागेवरून सरकल्याचा भास होतो. जॅझमध्ये ही युक्ती सर्रास वापरली जाते आणि या दोघांच्या संवादात अशा सरकवलेल्या लयीला मोठे स्थान आहे. आपली टाळी तेथे डळमळली तर मुद्रण मागे घेऊन, टाळी न सोडता, तोच भाग पुन्हा ऐकावा.

तिसरी खेप कल्पनेच्या वाढीची. हॉल यांच्या सोलोंमध्ये एखादा दोन-चार स्वरांचा तुकडा पुढच्या काही बारांत पुन्हा भेटतो : कधी एक पायरी खालून, कधी शेवटचा स्वर बदलून, कधी तोच स्वरक्रम वेगळ्या मात्रेवरून सुरू होऊन. असा तुकडा सापडला की तो लगेच गुणगुणून पाहावा. गुणगुणता येणे हीच त्याची कसोटी आहे. भरधाव लयीतल्या सोलोमधले तुकडे सामान्य श्रोत्याला गळ्याने म्हणता येतात, ही दुर्मीळ गोष्ट आहे आणि माझ्यासाठी हॉल यांच्या वादनातली सर्वांत मोठी मिळकत तीच आहे. सूर कमी असल्यामुळे प्रत्येक सुराला पुढे काही घडवण्याची संधी मिळते आणि तो नुसता सजावटीचा राहत नाही.

चौथ्या खेपेला स्पर्शाकडे वळावे. विजेच्या गिटारवर प्रत्येक स्वरासाठी पिकने, म्हणजे तार छेडण्याच्या छोट्या चकतीने, तार छेडली तर द्रुत लयीत आवाज टणक आणि एकसुरी होत जातो. हॉल पिक हलका ठेवत आणि बरेच स्वर डाव्या हाताच्या बोटांनीच काढत. तार छेडल्यावर पुढचे बोट पडद्यावर दाबून वरचा स्वर, किंवा दाबलेले बोट ओढून सोडून खालचा स्वर. सतारीवरचे कृंतन ज्यांनी लक्ष देऊन ऐकले आहे त्यांना हा नाद लगेच ओळखू येईल. त्यामुळे वाक्यातला एखादाच स्वर ठसतो, बाकीचे त्याच्या मागून घरंगळत येतात, आणि सॅक्सोफोनमधल्या एका फुंकेत आलेल्या स्वरांसारखी सलगता निर्माण होते. त्या काळी त्यांच्या हातात गिब्सन कंपनीची ईएस-१७५ ही पोकळ अंगाची गिटार होती आणि ॲम्प्लिफायरचा आवाज ते कमी ठेवत. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर हा बारीक फरक हरवतो. या खेपेसाठी तरी चांगला हेडफोन वापरावा आणि आवाज फार मोठा करू नये.

त्याच दिवसाचे दुसरे वादन

‘अंडरकरंट’च्या नंतरच्या सीडी आवृत्त्यांमध्ये ‘माय फनी व्हॅलेंटाइन’चे आणखी एक मुद्रण जोडलेले आहे, जे मूळ अल्बममध्ये घेतले नव्हते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकावीत. गाणे, लय आणि वादक तेच, पण सोलो निराळा. एवढ्यावरून तो पाठ करून आणलेला नव्हता हे सिद्ध होते. दोन्हींत समान काय राहिले याची नोंद करावी. माझ्या कानाला दोन्ही ठिकाणी स्वरांपेक्षा स्वभाव समान वाटतो : थांबण्याची तयारी, ऐकून उत्तर देण्याची सवय आणि आवाज चढवून परिणाम साधण्याचा मोह टाळणे.

बास आणि ड्रम्ससह

यानंतर १९७५ साली टोरांटोच्या ‘बोर्बन स्ट्रीट’ या क्लबमध्ये मुद्रित झालेला ‘जिम हॉल लाइव्ह!’ हा अल्बम घ्यावा. येथे डॉन थॉम्प्सन बासवर आणि टेरी क्लार्क ड्रम्सवर आहेत. त्यातले ‘स्क्रॅपल फ्रॉम द ॲपल’ आधी ऐकावे. ही चार्ली पार्कर यांची रचना आहे आणि तिचा आराखडा ३२ बारांचा, म्हणजे तीनतालाच्या मापाने सरळ आठ आवर्तनांचा, असल्यामुळे मोजायला सोपा आहे. पार्कर हे बेबॉपचे आद्य आचार्य. त्यांच्या रचनेवर सोलो वाजवताना स्वरांचा पाऊस पाडण्याची परंपराच आहे. त्या पार्श्वभूमीवर हॉल येथे कोठे परंपरेला धरून सलग ओळी वाजवतात आणि कोठे ओळ मोडून दोन-तीन स्वरांवर रेंगाळतात, ते पाहावे. ते सलग वाजवतात तेव्हाही प्रत्येक ओळीला निश्चित शेवट असतो.

या अल्बममध्ये एक नवी सोय आहे. झांजेचा अखंड ठेका आणि बासची मात्रेमागून मात्रा चालणारी ओळ यांमुळे लय स्वतः धरावी लागत नाही, म्हणून सगळे लक्ष तिघांमधल्या देवाणघेवाणीकडे देता येते. हॉल यांनी सोडलेल्या जागेत क्लार्क काय भरतात आणि ते ऐकून हॉल यांचे पुढचे वाक्य बदलते का, हे शोधावे. ‘द वे यू लुक टुनाइट’ याच पद्धतीने नंतर ऐकावे. त्याचे भाग आठऐवजी सोळा बारांचे आहेत, त्यामुळे सोलोला लांब पल्ला मिळतो.

तुलना, पण निवाड्यासाठी नव्हे

संयमाची किंमत तुलनेतूनच नीट कळते. वेस माँटगोमेरी यांचा १९६० सालचा ‘द इन्क्रेडिबल जॅझ गिटार’ हा अल्बम ‘एअरेजिन’ या सॉनी रॉलिन्स यांच्या द्रुत रचनेने सुरू होतो. माँटगोमेरी पिकऐवजी अंगठ्याने वाजवत आणि त्यांचे सोलो पुष्कळदा एकेरी स्वर, मग सप्तकाच्या जोड्या (एकच स्वर एकाच वेळी दोन सप्तकांत), मग पूर्ण कॉर्ड अशा चढत्या क्रमाने उंच जात. तो चढ ऐकून मग हॉल यांच्याकडे परतावे. त्यांच्या सोलोत असा जिना नाही. तणाव वाढतो तो लयीच्या आडव्या गुंफणीने आणि एखाद्या तुकड्याच्या आग्रही पुनरावृत्तीने. कोण श्रेष्ठ हा प्रश्न येथे गैरलागू आहे.

गिटारवादक जिमी रेनी यांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी ऐकावे. १९५१ साली बॉस्टनच्या ‘स्टोरीव्हिल’ क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांच्या चमूत त्यांनी अतिशय द्रुत लयीत सोलो वाजवले. रेनी यांच्या ओळी लांब आणि भरलेल्या आहेत, म्हणजे हॉल यांच्यासारखी स्वरांची काटकसर तेथे नाही. तरीही आवाजाची पातळी सम आहे आणि कोठेही प्रदर्शनाचा सूर लागत नाही. संयम केवळ स्वरांच्या संख्येत नसतो, तो उच्चारातही असतो, हे त्यांच्यामुळे समजते.

गिटार वाजवणाऱ्यांसाठी

वादकांनी वरील गोष्टी हातात उतरवण्यासाठी एकाच तारेवर सोलो वाजवण्याचा सराव करावा. हॉल स्वतःही तो करत. एका तारेवर बोटांच्या सवयीचे साचे चालत नाहीत, प्रत्येक स्वर आधी ऐकून मग शोधावा लागतो. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र, द्रुत लयीच्या निम्म्यावर ठेवावा आणि त्याचा ठोका बारातली दुसरी व चौथी मात्रा समजावा. मग ‘माय फनी व्हॅलेंटाइन’च्या पहिल्या आठ बारांवर दोन बार वाजवून दोन बार गप्प राहावे. गप्प असतानाही आराखडा मनात चालू ठेवावा आणि नेमक्या जागी परत यावे. त्यानंतर तीन स्वरांचा एकच तुकडा निवडून संपूर्ण ३६ बारांत त्याव्यतिरिक्त काहीही न वाजवण्याचे बंधन घालून घ्यावे. जागा, मात्रा आणि पट्टी बदलण्याची मुभा असावी.

पुढे काय ऐकावे

रॉलिन्स यांचा १९६२ सालचाच ‘द ब्रिज’ हा अल्बम शेवटी ठेवण्याचे कारण त्याची अवघड घडण हे आहे. रॉलिन्स काही काळ जाहीर वादनापासून दूर राहून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर रियाज करत होते. परतताना त्यांनी पियानोऐवजी हॉल यांची गिटार निवडली. (साठच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा अशीच विश्रांती घेऊन ते मुंबईत पवईच्या आश्रमात योग आणि ध्यान शिकण्यासाठी राहिले होते, हे मुंबईकर वाचकाला ठाऊक असावे.) शीर्षक रचना अतिद्रुत आहे आणि तिच्यात लयीचे वळणही बदलते, म्हणून ती सुरुवातीला घेऊ नये. आधी ‘विदाउट अ साँग’ ऐकावे, मग ‘जॉन एस.’, आणि मग ‘द ब्रिज’. रॉलिन्स यांचा सॅक्सोफोन भरदार, रुंद आणि आग्रही आहे. त्याच्यानंतर गिटारचा सोलो सुरू होतो त्या क्षणी आवाजाची पातळी एकदम खाली येते. तेथे ध्वनी वाढवण्यासाठी हात पुढे जाईल; तो आवरावा आणि आहे त्याच आवाजात दोन फेऱ्या ऐकाव्यात.